व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली, आता पुढे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गरोदरपणातल्या रक्ततपासण्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर नागपूर शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एकच शब्द पुन्हापुन्हा दिसला: व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगासाठीची रक्ततपासणी. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. तिसऱ्या महिन्यात नोंदणीला आलेल्या बाईची सिफिलिसची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिला जखम नाही, पुरळ नाही, काही तक्रार नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर थांबू का?
(कुही तालुका)

उत्तर: थांबू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करा. पेनिसिलीनचा पहिला डोस त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिळेल अशी व्यवस्था करा. व्हीडीआरएल किंवा तशाच आरपीआर या तपासणीसाठी रक्त आधी काढून घ्या, पण रिपोर्टची वाट पाहत इंजेक्शन अडवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच म्हणणं आहे: तपासणी आणि पहिला डोस एकाच भेटीत.

कारण सरळ आहे. सिफिलिसचा जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि त्यासाठी आईला काही त्रास होत असावा लागत नाही. पहिली जखम दुखत नाही. ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर दिसतही नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं शांतता. ‘काही तक्रार नाही’ यावरून म्हणूनच काहीही ठरत नाही. ‘दहा दिवसांनी या’ म्हटलेली बाई दहा दिवसांनी येतेच असंही नाही. मजुरी बुडते, वीटभट्टीचा मुक्काम हलतो. रॅपिड टेस्ट चुकून पॉझिटिव्ह आली असली तरी एका अनावश्यक इंजेक्शनाने होणारं नुकसान फार थोडं आहे. खरी असून इंजेक्शन राहिलं तर गर्भपात, मृतजन्म किंवा आजारी बाळ.

रॅपिड टेस्टची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ती जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते आणि उपचार होऊन गेले तरी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. उपचाराचा गुण आला की नाही हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी व्हीडीआरएलचा आकडा लागतो: 1:8, 1:32 असा, म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते ते.

आणि किट कुठे ठेवता तेही पाहा. बहुतेक किटच्या खोक्यावर 30 अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, मग पत्र्याच्या खोलीतल्या कपाटाचं काय होत असेल! खोकं थंड जागी ठेवा आणि शिबिराला नेताना थंड पेटीत न्या, मात्र बर्फाला चिकटवून नको. चाचणीआधी पाकीट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बोटावरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. किटवर दिलेल्या वेळेतच वाचा, चहा घेऊन आल्यावर नव्हे. उशिरा उमटलेली रेघ धरायची नाही. वेळेत आलेली फिकट रेघ मात्र पॉझिटिव्हच. कंट्रोलची रेघ आली नाही तर ती चाचणी बाद, नवं किट घ्या.

प्रश्न: बेंझाथिन पेनिसिलीन देताना सुई मध्येच अडकते. अर्धं औषध सिरिंजमध्ये राहतं, बाई ओरडते, पुन्हा टोचावं लागतं. आमचं काय चुकतं?
(परिचर्या विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: बेंझाथिन पाण्यात विरघळतच नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात, पातळ चुन्यासारखे. जरा थांबलं की कण तळाशी बसतात आणि बारीक सुईत गच्च होतात. तुमच्या चुका बहुधा तीन असतील: सुई बारीक, पाणी कमी, आणि भरून ठेवून मग बाईला झोपायला सांगणं.

क्रम असा ठेवा. आधी बाईला कुशीवर नीट झोपवा, जागा पुसून वाळू द्या. मग कुपीत लेबलवर सांगितलं आहे तेवढं निर्जंतुक पाणी घाला. कुपी जोरात हलवू नका, फेस होतो आणि माप चुकतं. दोन तळहातांमध्ये धरून फिरवा, तळाशी गोळा उरला नाही हे उजेडात धरून पाहा. 10 मिलीची सिरिंज आणि 21 गेजची सुई घ्या. औषध ओढल्यावर सुई बदला आणि लगेच द्या. कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात, स्नायूत खोलवर. एकूण मात्रा 24 लाख युनिट, म्हणजे दोन्ही बाजूंना 12-12 लाख. कुपी 24 लाखांची आहे, 12 ची की 6 ची, हे दर वेळी वाचा. 12 लाखांची एकच कुपी देऊन ‘डोस झाला’ असं लिहिलं तर ती बाई कागदावर बरी आणि प्रत्यक्षात अर्धवट.

दट्ट्या सावकाश, पण एका दमात दाबा. मध्ये थांबलात की कण बसले. टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा. हे औषध शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ही पायरी कधीही गाळायची नाही.

आता ट्रेविषयी. त्यावर अॅड्रेनालिनची अँप्यूल, 1 मिलीची सिरिंज आणि ऑक्सिजन हाताशी असल्याशिवाय पेनिसिलीन उघडू नका. आपल्याकडे आधी त्वचेची चाचणी करायची पद्धत आहे. तुमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे ती करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. इंजेक्शननंतर अर्धा तास बाईला समोर बसवा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, नाडी बारीक होणं यांपैकी काही दिसलं तर 1:1000 अॅड्रेनालिन 0.5 मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ताबडतोब द्या, डॉक्टरांना हाक मारा, पाय उंच करा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच मात्रा.

दुसरी एक गोष्ट अॅलर्जीसारखी वाटते, पण अॅलर्जी नसते. पहिल्या 24 तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, क्वचित पोटात कळा. खूप जंतू एकदम मेल्याने हे होतं. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं. कळा येत राहिल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर दवाखाना गाठायचा. हे बाईला आधीच सांगा. न सांगितल्यास ती ‘सुई बाधली’ म्हणते आणि पुढच्या डोसला येत नाही.

प्रश्न: बायकोच्या तपासणीत सिफिलिस निघाला. सिस्टर म्हणतात, मीही सुई घ्यावी. मला काहीच त्रास नाही. आणि हे आलं कुठून?
(कामठी)

उत्तर: आलं कुठून, हे कोणतीही रक्ततपासणी सांगत नाही. हा आजार अंगात अनेक वर्षं गुपचूप राहतो. तो तुमच्याकडून आला, पत्नीकडून आला की लग्नाआधीपासून होता, हे रिपोर्टवरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या प्रश्नावरून घरात भांडण होईल, आणि त्या भांडणात पत्नीचे डोस चुकले तर किंमत बाळ मोजेल. तो प्रश्न बाजूला ठेवा, ही कळकळीची विनंती.

तुमची तपासणी आणि इंजेक्शन मात्र टाळू नका. पत्नीचे उपचार पूर्ण झाले आणि तुमचे राहिले, तर तिला पुन्हा लागण होते आणि बाळाचा धोका जिथल्या तिथे. दोघांचे उपचार संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको, त्यानंतर बाळंतपणापर्यंत निरोध वापरा. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतल्या त्वचा व गुप्तरोग बाह्यरुग्ण विभागात जा. मनातलं विचारायचं असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.

आमच्या सिस्टर वाचकांसाठी इथेच एक गोष्ट. जुन्या माणसांत या आजाराला ‘गरमी’ म्हणतात. हा शब्द वापरू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात ‘तुम्हाला गरमी आहे’ म्हटलं की माणूस घरी जाऊन सब्जा भिजवतो. सिफिलिस म्हणा, उपदंश म्हणा आणि तो पेनिसिलीनने बरा होतो हे त्याच वाक्यात सांगा. हे बोलणं सासूसमोर नको, रांगेसमोर नको, दार लोटून. ‘मले तं काहीच होत नाही, मंग सुई कायले?’ असं बाईने विचारलं तर उत्तर एवढंच: ‘सुई तुमच्यातून बाळाला जाते. बाळासाठी घ्या.’

प्रश्न: आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी निघून जाते. तीन डोस सांगितले होते, दोन झाले. मग?
(आशा कार्यकर्ती, रामटेक तालुका)

उत्तर: ताई, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. लागण नेमकी कधीची हे कळत नसेल, किंवा ती दोन वर्षांहून जुनी असेल, तर दर आठवड्याला एक असे तीन डोस लागतात. नुकत्याच झालेल्या लागणीला एक पुरतो. लागणीची तारीख बहुतेक बायकांना सांगता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात तीनच द्यावे लागतात. गरोदरपणात दोन डोसांमधलं अंतर सात दिवसांचं हवं. नऊ दिवसांपेक्षा जास्त झालं तर आधीचे डोस धरत नाहीत, तीनही पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतात. सातव्या दिवशी बाई आली नाही तर आठव्या आणि नवव्या दिवसाचं मोल इतकं आहे.

म्हणून पहिल्या डोसच्या दिवशीच विचारा: माहेरी कधी जाणार, गाव कोणतं, तिथली आशा कोण, फोन कोणाकडे असतो. मध्ये सण आहे का, लग्न आहे का, तेही विचारा. माहेर मध्य प्रदेशात असेल तर तीन डोस होईपर्यंत थांबवून घ्या. जाणं अटळच असेल तर तिथल्या केंद्राशी डॉक्टरांनी किंवा सिस्टरने स्वतः बोलावं. चिठ्ठीच्या भरवशावर सोडू नका. माता व बाल संरक्षण कार्डावर औषधाचं नाव, मात्रा आणि प्रत्येक डोसची तारीख लिहून घ्या. कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने रोगाचं नाव लिहिणं मात्र क्रूरपणा आहे. ते कार्ड घरातले सगळे उघडतात.

आईचा उपचार बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी सुरू झालेला असावा, तरच बाळासाठी तो पुरेसा धरतात. तरीही आठवा-नववा महिना लागला म्हणून ‘आता काय उपयोग’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. त्याच दिवशी द्या, आणि बाळावरही उपचार लागतील हे प्रसूतिगृहाला आधी कळवा.

प्रश्न: पेनिसिलीनची अॅलर्जी असलेल्या गरोदर बाईला गुप्तरोगाच्या औषधांचं निळं किट द्यावं का?

उत्तर: नाही. निळ्या किटमध्ये डॉक्सिसायक्लिन असतं, ते गरोदरपणात चालत नाही. एरिथ्रोमायसिन आणि अॅझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. आई बरी वाटते, बाळ तसंच राहतं. आधी खोदून विचारा की ‘अॅलर्जी’ म्हणजे नक्की काय झालं होतं. पुष्कळदा मळमळ किंवा चक्कर असते. खरी अॅलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात भरती करून, अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन पेनिसिलीनच देतात. तेव्हा पाठवा मेडिकल, मेयो किंवा एम्सला, सोबत फोन करून.

प्रश्न: प्रसूतिकक्षात आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असतो, पण बाळ गुटगुटीत, रडतंय, दूध ओढतंय. तरी उपचार का? आणि नेमकं काय पाहायचं?
(अधिपरिचारिका, नागपूर)

उत्तर: जन्मजात सिफिलिस असलेली बहुतेक बाळं जन्मताना चांगलीच दिसतात. लक्षणं काही आठवड्यांनी, महिन्यांनी उमटतात. दात, डोळे आणि ऐकू येणं यांवरचे परिणाम तर दोन वर्षांनंतर कळतात, आणि ते परत फिरत नाहीत. म्हणून निर्णय बाळाच्या तब्येतीपेक्षा आधी आईच्या कागदावर ठरतो: पेनिसिलीन मिळालं का, पूर्ण मात्रा मिळाली का, 30 दिवस आधी मिळालं का, नवऱ्याचे उपचार झाले का.

सुरुवात वारेपासून करा. बादलीत टाकण्याआधी ती वजन करा. बाळाच्या मानाने फार मोठी, जाड, फिकट वार दिसली तर डॉक्टरांना दाखवा, आईची व्हीडीआरएल निगेटिव्ह असली तरी. रक्तात प्रतिपिंडं फारच जास्त असली तर पातळ न केलेल्या नमुन्यात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येते. प्रयोगशाळेला ‘नमुना पातळ करून पुन्हा पाहा’ असं सांगावं लागतं. मृतजन्म झाला असेल तर आईची सिफिलिस तपासणी झाल्याशिवाय तिला घरी सोडू नये.

मग बाळ. हातमोजे घालून, चांगल्या उजेडात, कपडे काढून. तळहात-तळपायांवर फोड किंवा सालपटं आहेत का. नाकातून पाणी, पू किंवा रक्तमिश्रित स्राव येतो का, दूध पिताना नाक घुरघुरतं का. ही नुसती सर्दी समजली जाते आणि तिथेच निदान हुकतं. पोट फुगलेलं, यकृत-प्लीहा वाढलेली, कावीळ, फिकटपणा. एक हात किंवा पाय हलवत नाही, हलवला की किंचाळतं: तो लकवा नसून हाडाच्या टोकाची सूज असू शकते. ओले फोड आणि नाकातला स्राव यांत जंतू असतात, पेनिसिलीन सुरू होऊन 24 तास होईपर्यंत मोजे सोडू नका.

रक्त बाळाच्या शिरेतून घ्या, नाळेतून नको. नाळेत आईचं रक्त मिसळतं आणि आकडा फसवतो. आईचा आणि बाळाचा नमुना एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त, म्हणजे आईचा 1:4 आणि बाळाचा 1:16, तर संसर्ग धरायचा. पण आकडा चौपट नाही म्हणून संसर्ग नाही, असं उलटं म्हणता येत नाही. बाळावर रॅपिड टेस्ट करून उपयोग नाही, ती आईची प्रतिपिंडं दाखवते.

लक्षणं असली, किंवा आईचे उपचार अपुरे असले, तर क्रिस्टलाइन पेनिसिलीन शिरेतून: दर खेपेला वजनाच्या किलोमागे 50,000 युनिट, पहिले सात दिवस दर 12 तासांनी, आठव्या दिवसापासून दर 8 तासांनी, एकूण 10 दिवस. समजा बाळ 2.6 किलोचं आहे. 2.6 गुणिले 50,000 म्हणजे 1,30,000 युनिट. 10 लाखांच्या कुपीत एकूण द्रावण 10 मिली होईल असं केलं तर 1 मिलीत 1 लाख, म्हणजे 1.3 मिली. ते आणखी पातळ करून सावकाश द्यायचं. हिशेब कागदावर मांडा आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, एका शून्याची चूक इथे सहज होते. पर्याय म्हणजे प्रोकेन पेनिसिलीन, किलोमागे 50,000 युनिट, रोज एकदा स्नायूत, 10 दिवस. एका दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर दहाही दिवस पुन्हा. म्हणून आठव्या दिवशी ‘बाळ बरं आहे, घरी नेतो’ म्हणणाऱ्या आजीला पहिल्याच दिवशी दहाचा आकडा सांगून ठेवा.

आईचे उपचार पुरेसे झाले आणि बाळ सर्व बाजूंनी ठीक असेल तर बेंझाथिनचा एकच डोस, किलोमागे 50,000 युनिट, स्नायूत. काही ठिकाणी अशा बाळाला औषध न देता नुसती बारीक देखरेख ठेवतात. निर्णय बालरोगतज्ज्ञांचा.

इथली सर्वांत घातक चूक सांगतो. बेंझाथिन आणि क्रिस्टलाइन, दोन्ही पांढरी भुकटी, दोन्ही काचेच्या कुप्या, दोघांनाही वॉर्डात नुसतं ‘पेनिसिलीन’ म्हणतात. शिरेतून जाणारं फक्त क्रिस्टलाइन. दोन्ही एका ड्रॉवरमध्ये ठेवू नका, आणि केसपेपरवर नुसतं ‘पेनिसिलीन’ लिहिलं असेल तर पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय कुपी उचलू नका.

प्रश्न: मी बाळाला अंगावर पाजू का? बीसीजीची लस द्यायची का?

उत्तर: हो, दोन्ही. दुधातून हा आजार जात नाही. स्तनावर किंवा बोंडीवर जखम असेल तरच त्या बाजूचं पाजणं थांबवा आणि दाखवा.

प्रश्न: डिस्चार्जनंतर बाळाला कधी बोलवायचं? पालक येत नाहीत.
(नवजात शिशू विभाग)

उत्तर: व्हीडीआरएल दर दोन-तीन महिन्यांनी, निगेटिव्ह होईपर्यंत. संसर्ग नसेल किंवा उपचार लागू पडले असतील तर तिसऱ्या महिन्यात आकडा उतरलेला आणि सहाव्या महिन्यात निगेटिव्ह असायला हवा. सहाव्या महिन्यातही पॉझिटिव्ह असेल तर बाळाला पुन्हा भरती करून तपासावं लागतं. पाठीच्या पाण्याची तपासणी बिघडलेली होती का, हेही तेव्हा पाहतात.

पालक वेगळ्या तारखेला येत नाहीत, पण लसीला येतात. म्हणून तारखा लसीला बांधा. 14 आठवड्यांच्या लसीच्या दिवशी पहिलं रक्त. सहाव्या महिन्यात लस नसते, तेव्हा वरचं अन्न सुरू करायच्या निमित्ताने बोलवा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या दिवशी कान-डोळ्यांकडे नजर टाका. दीड वर्षाच्या बूस्टरला प्रतिपिंडांची चाचणी: आईची प्रतिपिंडं तोवर निघून गेलेली असतात, त्यामुळे 18 महिन्यांनंतरही ती पॉझिटिव्ह आली तर संसर्ग बाळाचाच. या चारही तारखा डिस्चार्जच्या दिवशी कार्डावरच्या लसीच्या रकान्याशेजारी पेनाने लिहून द्या, आणि आशाताईंच्या वहीतही त्याच लिहा.